ठोके नऊ वर्षांपासून तसेच आहेत, मग व्हॉल्व्ह आत्ताच का लीक झाला?

कराडहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव ओळखू येईल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. त्यांच्या सासूबाई 68 वर्षांच्या, बीपी आहे, शुगर नाही. नऊ वर्षांपूर्वी ठोके अनियमित असल्याचं कळलं, डॉक्टर ज्याला एएफ म्हणतात ते. गेल्या महिन्यात पाय सुजायला लागले म्हणून टूडी इको केला. रिपोर्टमध्ये पंपिंग 60 टक्के, डावा वरचा कप्पा 54 मिलिमीटर, डावीकडच्या मायट्रल व्हॉल्व्हचं लीकेज मॉडरेट ते सिव्हिअर, उजवीकडच्या ट्रायकस्पिडचं सिव्हिअर, आणि पाकळ्या मात्र नॉर्मल. गावातले डॉक्टर म्हणतात गोळ्या वाढवून तीन महिन्यांनी बघू, पुण्यातले म्हणतात क्लिप (छाती न उघडता पाकळ्या चिमटीत पकडणं) नाहीतर ऑपरेशनचा विचार करा. मोठ्या दिरांचं म्हणणं, पंपिंग चांगलंय, ठोके तर नऊ वर्षं असेच आहेत, उगाच कापाकापी कशाला, आणि आईला यातलं काही सांगू नका, ती हाय खाईल. दिवाळीत दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायची गोळी थांबवली ती परत सुरूच झाली नाही, त्याऐवजी शेजारच्या काकांसारखी अ‍ॅस्पिरिन चालू आहे. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी आठवड्यातून तीन-चारदा होते. माडीवर जाणं बंद झालंय. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "हल्ली पहाटे तीनला उठतात आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लसूण सोलत बसतात, वयामुळे झोप कमी झाली असेल." त्यांचा प्रश्न एकच, ऑपरेशन करावं की थांबावं?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या लसणाच्या ओळीपाशीच थांबले. तुम्ही ती सहज लिहिलीय, पण फिजिशियन म्हणून मला अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. आज रात्री सासूबाईंना एवढंच विचारा की तुम्ही तीनला उठता ते झोप संपते म्हणून, का आडवं पडलं की छातीत कोंडल्यासारखं होतं आणि उठून बसलं की बरं वाटतं म्हणून? आणि उशा किती घेता, एक का दोन का तीन? त्यांचं उत्तर "बसलं की बरं वाटतं" असं आलं तर हा झोपेचा प्रश्न नाही, आडवं पडल्यावर पायातलं पाणी वर येऊन फुफ्फुसावर ताण येतोय असं धरून चाला आणि तीन महिने सोडा, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडच्या बायका दुखणं अंगावर काढण्यात इतक्या तरबेज असतात की रात्रीची धापसुद्धा कामाला लावतात, लसूण सोलला जातो आणि घरात कुणाला काही कळत नाही.

आता तुमच्या दिरांच्या बोलण्याकडे येते. त्यांना आईची काळजी आहे हे दिसतंय, आणि ते जे बोलतायत ते बरीच शिकलेली माणसंही बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"ठोके तर नऊ वर्षं असेच आहेत." असेच आहेत हे खरं, पण हृदय नऊ वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही. एएफमध्ये वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशेच्या गतीने नुसते थरथरतात. असं वर्षानुवर्षं चाललं, त्यात बीपी असलं, की कप्पा हळूहळू ताणत जातो. तुमच्या रिपोर्टवरचा 54 मिलिमीटर हा आकडा तेच सांगतोय, बायकांमध्ये साधारण 38 पर्यंत नॉर्मल धरतात. म्हणजे ठोक्यांचं दुखणं जुनं आहे पण ते एका जागी बसून नव्हतं, आतून काम करतच होतं.

आणि व्हॉल्व्ह आत्ताच का लीक झाला, तर जुन्या वाड्याचं दोन फळ्यांचं दार डोळ्यासमोर आणा. फळ्या शाबूत आहेत, लाकूड सागवानी आहे, कुठे कीड नाही, पण भिंत फुगली आणि चौकट फाकली की त्याच फळ्या मधे एकमेकींना भेटत नाहीत, फट राहते आणि कडी लागत नाही. मायट्रल व्हॉल्व्हला अशा दोनच पाकळ्या असतात. त्या ज्या गोल कड्यावर बसतात ती त्यांची चौकट, आणि ते कडं वरच्या कप्प्याच्या तळाशीच असतं, त्यामुळे कप्पा ताणला की कडंही ताणतं. उजवीकडचा ट्रायकस्पिड तीन पाकळ्यांचा, त्याचं कडं तर मुळातच मऊ असतं, ते अजून लवकर पसरतं. म्हणून तुमच्या रिपोर्टवर पाकळ्या नॉर्मल आणि लीकेज मात्र भरपूर असं उलटसुलट वाटणारं लिहिलंय. त्यात चूक काही नाही, व्हॉल्व्ह "खराब" झालेला नाही, त्याची चौकट फाकलीय. 2025 मध्ये युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने झडपांच्या ज्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात हा प्रकार वेगळा धरलाय, कारण याची वाट खालचा कप्पा कमजोर होऊन होणाऱ्या लीकेजपेक्षा वेगळी आहे.

इथे एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या. आपल्याकडे लहानपणी सांधे सुजून ताप येतो, त्यातून पुढे संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह जाड आणि अरुंद होतो, असे पेशंट अजून भरपूर आहेत आणि त्यांनाही एएफ होतो. सासूबाईंना लहानपणी असं काही झालं होतं का विचारा, त्यांच्या माहेरी कुणी मोठं माणूस असेल तर त्यांनाही विचारा, आणि इको करणाऱ्यांना स्पष्ट विचारा की मायट्रल कुठे अरुंद झालाय का. कारण तसं असेल तर गोळ्यांचा सगळाच हिशोब बदलतो, रक्त पातळ करायची गोळीसुद्धा वेगळी लागते. 2022 मध्ये संधिवाताच्या व्हॉल्व्हवाल्या एएफ पेशंटमधला एक मोठा अभ्यास आला, त्यात नव्या रिव्हरॉक्सॅबॅनपेक्षा जुनी वॉरफरिन जातीची गोळीच सरस ठरली. तुमच्या रिपोर्टवरून तसं दिसत नाही, पण विचारून घेतलेलं बरं.

"पंपिंग 60 आहे म्हणजे हृदय ठणठणीत." हा गैरसमज तर मला रोज भेटतो. पंपिंगचा आकडा एवढंच सांगतो की खालच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर गेलं. कुठे गेलं ते सांगत नाही. व्हॉल्व्ह लीक असेल तर त्यातलं काही पुढे शरीरात जातं आणि काही उलटं वरच्या कप्प्यात, आणि दोन्ही मिळून 60. म्हणून लीकेजमध्ये पंपिंग चांगलं दिसणं हा काही दाखला नाही, उलट पाय सुजलेत, माडी सुटलीय, रात्री बसावं लागतंय आणि पंपिंग मात्र 60, हेच या दुखण्याचं नेहमीचं रूप आहे. घोट्याच्या वर हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि काढा. खळगा राहिला आणि हळूहळू भरला तर ती पाण्याची सूज. संध्याकाळी मोज्याची खोल रेघ उठणं, पोट गच्च वाटणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, हे पण उजवीकडच्या लीकेजचं असू शकतं, कारण रक्त मागे यकृतात आणि पोटात तुंबतं. घरात याला गॅस म्हणून सोडून देतात.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ते. ऑपरेशन होवो न होवो, क्लिप लागो न लागो, दिवाळीपासून बंद असलेली ती गोळी हा आजचा प्रश्न आहे, तीन महिन्यांनंतरचा नाही. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, एएफमध्ये तिच्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमध्ये हा धोका साधारण पाचपट होतो. सासूबाईंच्या बाबतीत वय 65 च्या पुढे, बीपी, आणि आता हृदयावर ताण आल्याच्या खुणा, एवढं धरलं तरी गोळी लागते यात शंका नाही. अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेत नाही. दोन्हींना आपण "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतो म्हणून घोळ होतो. शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली असेल, त्यांना अ‍ॅस्पिरिन बरोबर आहे, पण एएफमधली गुठळी ती नीट अडवत नाही आणि पोटातून रक्त जायचा त्रास मात्र तिनेही होतो. दाढ काढताना गोळी एखाद-दोन दिवस थांबवावी लागते किंवा कधीकधी थांबवावीच लागत नाही, ते दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवतात, पण परत कधी सुरू करायची ते कुणी कागदावर लिहून देत नाही आणि घरात प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने विचारलं असेल. कुणाला दोष देत नाही, हे फार घरांत होतं. पण आज संध्याकाळीच डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की पाच महिने गोळी बंद आहे, अ‍ॅस्पिरिन चालू आहे, आता काय करू. जुनी पट्टी कपाटातून काढून आपल्या मनाने मात्र सुरू करू नका, आधी हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून डोस ठरवावा लागतो. रिव्हरॉक्सॅबॅन दिली तर ती जेवणासोबतच घ्यायची असते, उपाशीपोटी ती पुरती लागू पडत नाही, म्हणजे चतुर्थीला उपास असला तरी संध्याकाळच्या जेवणासोबत घ्या. वॉरफरिन किंवा असिनोकूमॅरॉल दिली तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) करत राहावं लागतं आणि मेथी-पालक बंद नाही करायचं पण एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर काहीच नाही असंही नको.

आणि तोवर घरात सगळ्यांना, अगदी नातवंडांनासुद्धा सांगून ठेवा, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर झोपवून ठेवून "बघू सकाळी" नाही करायचं, लगेच 108. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून कराडातल्या कराडात कुठे सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन आहे हे आत्ताच चौकशी करून ठेवा.

गुडघ्याच्या गोळीबद्दल पण लिहायलाच हवं. मेडिकलमधून बहुतेक डायक्लोफेनॅक किंवा तत्सम काहीतरी मिळत असेल. ही गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, बीपी वाढवते, किडनीवर ताण आणते, आणि रक्त पातळ करायच्या गोळीसोबत पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे एका हाताने लघवीची गोळी देऊन पाणी काढायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं. पायांची सूज निम्मी यानेच असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. गुडघे दुखतात हे खरंच आहे, ते सोसा असं मी म्हणत नाही, पण पॅरासिटामॉल, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हे डॉक्टरांना विचारून करा आणि ती पट्टी घरातून काढून टाका.

तर मग ऑपरेशन करायचं की थांबायचं? मला विचाराल तर तुमचे दोन्ही डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलतच नाहीयेत. गावातले पहिली पायरी सांगतायत, पुण्यातले दुसरी. फक्त पहिली पायरी म्हणजे नुसतं थांबणं नाही, ती नेटाने करायची असते. इकोवर लीकेज किती दिसतं ते त्या दिवशी अंगात पाणी किती होतं, बीपी किती होतं, ठोके किती धावत होते यावर बरंच ठरतं. सासूबाईंचा इको पाय सुजलेले असताना, गुडघ्याच्या गोळ्या चालू असताना झालाय. पाणी उतरवून, बीपी आणि ठोके आवरून सहा-आठ आठवड्यांनी तोच इको परत केला की सिव्हिअरचं मॉडरेट झालेलं मी खूपदा पाहिलंय. नेहमी होतं असं नाही. पण ते न बघता ऑपरेशनचा निर्णय घेणं घाईचं, आणि तीन महिने तशाच गोळ्या खात बसणं हे उशिराचं.

पाण्याच्या गोळीचा डोस वजनावर ठरतो, म्हणून घरी एक वजनकाटा घ्या, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज वजन, कॅलेंडरवरच लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नसतं, पाणी असतं, फोन करा. लोणचं, पापड, ताटात वरून घेतलेलं मीठ, फरसाण हे कमी. बीपीचं मशीन एएफमध्ये दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, तीनदा घ्या आणि सरासरी धरा. ठोके बसल्याजागी 110 च्या खाली असावेत हा ढोबळ नियम, पण यांना त्रास आहे तर डॉक्टर अजून खाली, 80 च्या आसपास आणायला बघतील, त्यासाठी 24 तासांचं होल्टर (दिवसभराचे ठोके नोंदवणारं छोटं मशीन) लावा असं तुम्हीच सुचवा. घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे पण सांगा, त्यानेही एएफ आणि बीपी दोन्ही चिघळतं. आणि डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन लिहिली आणि मेडिकलवाला म्हणाला "ही तर शुगरची गोळी, यांना शुगर कुठे" तर परत करू नका. पंपिंग चांगलं असूनही हृदयावर ताण असलेल्यांना ती शुगर नसतानाही देतात, 2021 आणि 2022 च्या मोठ्या अभ्यासांत या जातीच्या गोळ्यांनी ऍडमिट व्हायची वेळ कमी आणली.

ठोकेच परत नियमित केले तर? 2011 मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की अब्लेशननंतर (शिरेतून तार नेऊन ठोके बिघडवणारी हृदयातली जागा निकामी करतात त्यानंतर) ज्यांचे ठोके नियमित राहिले त्यांचा कप्पा लहान झाला आणि लीकेजही उतरलं. माझ्या मनाला ही गोष्ट फार भावते, कारण इथे आपण चौकटीला हात न लावता भिंत सावरतो. पण खरं सांगायचं तर नऊ वर्षं आणि 54 मिलिमीटर म्हणजे यश मिळायची शक्यता कमी. तरी "आमच्यासाठी याचा उपयोग आहे का, नसेल तर का नाही" हे विचारा, उत्तर नाही असलं तरी ते ऐकून घेतलेलं असावं. आणि ज्यांच्या घरी कुणाला एएफ नुकताच, एक-दोन वर्षांत कळलाय त्यांनी हा परिच्छेद परत वाचा, तुमच्यासाठी ही वेळ अजून गेलेली नाही.

एवढं नीट करूनही दम आणि सूज राहिली आणि लीकेज सिव्हिअरच राहिलं तर मग पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं पुढे येतं. ऑपरेशनमध्ये पाकळ्या चांगल्या असतील तर बहुतेकदा व्हॉल्व्ह बदलत नाहीत, रिंग टाकून चौकट आवळतात, मायट्रलला आणि त्याच वेळी ट्रायकस्पिडलाही, आणि जमलं तर त्याच बैठकीत ती गुठळीची पिशवी बंद करतात. 2021 च्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी ही पिशवी बंद केल्याने पक्षाघात जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले, म्हणून हे नक्की विचारा. क्लिप म्हणजे मांडीच्या शिरेतून तार नेऊन दोन पाकळ्या मधोमध चिमटीत पकडायच्या, छाती उघडावी लागत नाही, ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी. ट्रायकस्पिडच्या क्लिपचा 2023 चा अभ्यास सांगतो की वर्षभरात लीकेज खूप कमी झालं, माणसाला बरं वाटायला लागलं, पण त्या पहिल्या वर्षात मृत्यू किंवा ऍडमिट होणं यात फरक दिसला नाही. म्हणजे आयुष्य वाढेल म्हणून नाही तर जगणं सुसह्य होईल म्हणून तिचा विचार करायचा, आणि ते काही कमी नाही.

पुण्याला जाल तेव्हा एवढं विचारा: अन्ननलिकेतून करायचा इको लागेल का, आधी कुठला व्हॉल्व्ह, उजवा खालचा कप्पा अजून ताकदीचा आहे का (तो पार थकल्यावर ट्रायकस्पिड दुरुस्त करून फारसा फायदा होत नाही, म्हणून अगदी शेवटपर्यंत ढकलणंही बरोबर नाही), तुमच्याकडे अशा किती केसेस झाल्यात, आणि सगळ्याचा लेखी अंदाज. क्लिपचा खर्च लाखांत जातो. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊनच जा.

राहिलं आईंना सांगायचं की नाही. ताई, त्यांना माहीत आहे. नाव माहीत नसेल, पण माडीच्या चौदा पायऱ्या कधीपासून जमेनात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुम्ही बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलता तेही त्यांना ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही त्याची जागा मनात नको नको ते घेतं. दिरांना भीती वाटतेय ती मी समजू शकते, पण न सांगता त्यांना मीठ कमी करायला, रोज वजन करायला, गोळी न चुकवायला कसं लावणार? आणि ऑपरेशन त्यांच्या छातीचं आहे. "व्हॉल्व्ह खराब झाला" असं नका सांगू, चौकट फाकलीय असं सांगा, दाराचं उदाहरण त्या तुमच्यापेक्षा लवकर समजतील. मग विचारा, आई, तुम्हाला नक्की काय परत करता यायला हवंय? माडीवर जाणं, रात्रीची सलग झोप, का नुसती दवाखान्याची कटकट नको? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या आणि पुण्याच्या डॉक्टरांपुढे रिपोर्टच्या वर ठेवा. त्या बोलतील तेव्हा दीरही तिथे असू देत.

दुसरा इको झाला की कप्प्याचा आकडा, दोन्ही लीकेज आणि त्या दिवशीचं वजन मला कळवा. आणि पहाटे तीनला त्या अजून उठतात का, तेही.